काडी जाते, हात मागे राहतो

मे सरत आला की मुरुडच्या वाड्यांमधून प्लास्टिकची पिंपं बाहेर निघतात. एका पिंपात मोरचूद विरघळत ठेवलेलं असतं, दुसऱ्यात कळीचा चुना फुलवलेला. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी हे माप दापोलीच्या किनाऱ्यावर सगळ्यांना तोंडपाठ. दोन्ही पाणी एकत्र झालं की आभाळाच्या रंगाचं मिश्रण तयार होतं. मग कुणीतरी विळ्याचं घासून लख्ख केलेलं पातं त्यात बुडवतं. पात्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडला, मूठभर आणखी घालायचा. पातं होतं तसंच निघालं तर फवारणी सुरू. गडी पोफळीवर सरसर चढतो, घोसांवर निळं पाणी मारतो आणि खाली न उतरता झाड झुलवत शेजारच्या पोफळीचा शेंडा धरतो. पाऊस लागायच्या आत पहिली फवारणी उरकली पाहिजे. दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, आषाढात उघडीप मिळेल तेव्हा. ती चुकली की कोळेरोग येतो आणि हिरव्या सुपाऱ्यांचा सडा खाली पडतो.

याला सगळे ‘बोर्डो’ म्हणतात. बोर्डो हे फ्रान्समधलं द्राक्षांचं शहर, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसतं. असायचं कारणही नाही. १८८२च्या सुमारास तिथल्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मळेवाले चुना आणि मोरचूद शिंपडत. वाटसरूंनी घड तोडू नयेत, एवढाच हेतू. बोर्डोच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मियार्देंना दिसलं, की केवडा रोगाने सगळा मळा झडलाय, पण या निळ्या वेली हिरव्यागार आहेत. १८८५ साली त्यांनी मिश्रण प्रसिद्ध केलं. म्हणजे चोरांसाठी केलेली युक्ती रोगावर लागू पडली, आणि ती आधी शेतकऱ्याच्या हातात होती, प्रयोगशाळेत नव्हे.

ते मिश्रण पोफळीपर्यंत आणलं लेस्ली कोलमन या कॅनडातल्या माणसाने. १९०८ साली तो म्हैसूर संस्थानात बुरशी आणि किडींचा तज्ज्ञ म्हणून आला. मलनाडातल्या सुपारीबागांना कोळेरोगाने पोखरलं होतं आणि बागायतदार घोसांना टोप्या बांधून पावसाशी झुंजत होते. कोळेरोगाचा जंतू आणि द्राक्षावरचा केवडा दूरचे भाऊबंद निघाले, म्हणून एकाचं औषध दुसऱ्यालाही चाललं. १९१० साली कोलमनने कोळेरोगावरची आपली पुस्तिका काढली. याच कोलमनच्या पुढाकाराने १९२५ साली चिकमगळूरजवळ बाळेहोन्नूरला कॉफीचं संशोधन केंद्र उभं राहिलं, जे आजही देशातलं कॉफी संशोधनाचं मुख्य ठाणं आहे. मुरुडच्या पोफळी आणि सह्याद्रीतली कॉफी असं एका माणसाच्या हातून नातं लागतं.

‘कोळे’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. तो कानडी, अर्थ सडणं, कुजणं. दक्षिणेतल्या कॉफीवरही एक काळी कूज येते. कुक या इंग्रज बुरशीतज्ज्ञाने १८७६ साली तिला लॅटिन नाव दिलं, ‘पेलिक्युलारिया कोलेरोगा’. मळ्यात घाम गाळणाऱ्यांचा शब्द जगाच्या शास्त्रात जाऊन बसला. तो ज्यांनी दिला, त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

देशोदेशीच्या शेतकऱ्यांनी एकमेकांना शहाणपण द्यावं, हे सभांमध्ये बोलायला फार गोड वाक्य आहे. प्रत्यक्षात सीमा ओलांडतं काय, ते नीट पाहायला हवं. बी जातं, काडी जाते, माप जातं. पात्यावरचं पुट बघून चुना किती वाढवायचा हे ज्या हाताला कळतं, तो हात बहुतेक वेळा मागेच राहतो. या बाबतीत कॉफीचा इतिहास कोकणाला आरशासारखा आहे.

बाबा बुदान या सुफी संताने सतराव्या शतकात येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका. बियांची संख्या सात होती की सत्तर, हे कोण सांगणार? पण येमेनी कॉफी भारतात रुजली आणि सतराव्या शतकाच्या शेवटी डचांनी मलबारातून ती जावाला नेली, हा इतिहास आहे. जावाहून एक रोप १७०६ साली अॅमस्टरडॅमच्या वनस्पती उद्यानात गेलं, तिथून पॅरिसला चौदाव्या लुईच्या बागेत, आणि पुढे कॅरिबियन बेटांवर. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांवर पुढे पसरलेली जुनी कॉफी ही बरीचशी या मूठभर झाडांची लेकरं. प्रवास थोर, पण त्या रोपांबरोबर येमेनमधला कुणी मळेवाला गेला नाही. तिथले शेतकरी पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात, पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशोब ठेवून कॉफी पिकवत. इथियोपियाच्या रानात ती उंच झाडांच्या सावलीत आपोआप उगवते. हे काहीच रोपाबरोबर गेलं नाही.

त्याची किंमत सिलोनने मोजली. डोंगरामागून डोंगर साफ करून तिथे कॉफी आणि फक्त कॉफी लावली होती. १८६९ साली पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसली. हाच कॉफीचा तांबेरा रोग. सरकारने पाठवलेला वनस्पतिशास्त्रज्ञ मार्शल वॉर्ड १८८० ते १८८२ ही दोन वर्षं पानं तपासत राहिला आणि म्हणाला, एकाच झाडाची अखंड लागवड रोगाला आमंत्रण देते. तोवर उशीर झाला होता. मळे बुडाले आणि सिलोन चहाकडे वळलं. कोडगू-चिकमगळूरलाही मार बसला, पण तिथे सावलीची झाडं होती, झाडांवर मिरीचे वेल होते. एक पीक गेलं तरी दुसरं हाताशी होतं. मुरुडच्या बागायतदाराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वर नारळ, खाली पोफळ, पोफळीवर मिरी, मधल्या सावलीत जायफळ, ही त्याची रोजची वाडी. रत्नागिरीजवळ भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने हीच रचना मापात बसवून तिला ‘लाखी बाग’ असं नाव दिलं. नाव ऐकून वाटतं तेवढे लाख दर वर्षी हातात पडतातच असं नाही, ते सोडा.

शहाणपण सीमेपलीकडे जातं, पण त्याला दोन गोष्टी लागतात: कुणीतरी निरखून पाहणारा मळेवाला आणि कुणीतरी नोंद जपणारी संस्था.

१९११च्या सुमारास म्हैसूर संस्थानातल्या केंट नावाच्या मळेवाल्याच्या नजरेत भरलं, की सगळीकडे तांबेरा असताना काही झाडं तग धरून आहेत. त्याने त्यांचं बी वेगळं ठेवलं. ‘केंट’ कॉफी पुढे केनिया-टांझानियात पोचली आणि तिथल्या वाणांची आई झाली. बाळेहोन्नूरला केंटच्याच संकरातून १९४०च्या दशकात ‘एस-७९५’ तयार झाली. ती इंडोनेशियात गेली आणि तिथल्या संशोधन केंद्राच्या गावावरून ‘जेंबर’ झाली. जावाने भारताकडून घेतलेलं रोप अडीचशे वर्षांनी सुधारून परत जावाला. ही देवघेव कुणा मंत्र्याच्या करारातून झालेली नाही.

याहून शहाणी गोष्ट पोर्तुगालने केली. १९५५ साली लिस्बनजवळ ओएरासला कॉफीच्या तांबेऱ्याचा अभ्यास करणारं केंद्र निघालं. पोर्तुगालमध्ये कॉफी पिकत नाही, म्हणूनच जागा योग्य. जगभरातून रोगट पानं पाकिटात घालून तिथे पाठवता येत. रोग निसटला तरी शेजारी मळा नाही. तिमोर बेटावर १९२७च्या सुमारास अरेबिका आणि रोबस्टाचा आपोआप संकर होऊन तयार झालेलं तांबेऱ्याला न जुमानणारं झाड सापडलं होतं. त्याची लेकरं ओएरासमधून देशोदेशी वाटली गेली. भारतातली ‘कावेरी’ त्या घराण्यातली, २००७ साली आलेली ‘चंद्रगिरी’सुद्धा. कोलंबियाने तर याच तिमोरच्या झाडाच्या लेकरांतून आपली रोगप्रतिकारक जात तयार करून वाटायला घेतली, आणि तांबेरा तिथे त्यानंतर, १९८३ साली पोचला. घर पेटण्याआधी विहीर खणल्याची अशी उदाहरणं शेतीत विरळाच. ती खणायला पैसा कुठून आला, हेही पाहिलं पाहिजे. कोलंबियाचं सेनिकाफे हे केंद्र १९३८ साली सुरू झालं, ते कॉफी उत्पादकांच्या महासंघाने, निर्यातीवरच्या वर्गणीतून. भारतातही १९३५ साली कॉफीवर उपकर बसवणारा कायदा झाला. स्वतःच्या पोत्यातला पैसा गेलेला असला की शेतकरी केंद्राच्या दारात जाऊन जाब विचारतो.

गेशा या कॉफीची कहाणी निराळी. १९३०च्या दशकात इथियोपियाच्या रानातून गोळा केलेलं हे बी टांझानियामार्गे १९५३ साली कोस्टारिकाच्या तुर्रियाल्बा इथल्या संग्रहात आलं. १९६०च्या दशकात तांबेरा सोसेल या आशेने ते पनामाला गेलं. उत्पन्न कमी, फांद्या नाजूक, म्हणून शेतकऱ्यांनी नाक मुरडलं. २००४ साली बोकेतेतल्या एका मळ्याने डोंगराच्या वेगवेगळ्या उंचीवरची कॉफी वेगळी ठेवून चाखून पाहिली, तेव्हा उंचावरच्या त्या दुर्लक्षित झाडांच्या पेल्यातून मोगऱ्यासारखा दरवळ आला. त्या वर्षीच्या स्पर्धेत तिने बाकी सगळ्यांना मागे टाकलं आणि आज गेशा जगातल्या सर्वात महाग कॉफींत मोजली जाते.  ज्यांनी बी दिलं, त्या इथियोपियाच्या डोंगरातल्या लोकांना त्या वासाबद्दल विचारायला कुणी गेलंही नव्हतं.

आता मुरुडकडे. धोंडो केशव कर्व्यांचं गाव म्हणून मुरुडचं नाव सगळ्यांना ठाऊक. इथल्या वाडीत उभं राहून ‘आपली झाडं’ मोजायला घेतली तर बोटं थांबतात. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीज जहाजातून आलेला. पोफळ आग्नेय आशियातली. जायफळ बांदा बेटांचं. हापूस आपला म्हणावा, तर त्याचं नाव पोर्तुगीज आणि ज्या कलमविद्येने तो टिकला, ती गोव्यातल्या जेझुइट पाद्र्यांनी रुजवली. आंबा आपल्या मातीचा, चाकू त्यांचा. शतकानुशतकं कोकणाने घेतलं, भरपूर घेतलं, आणि त्यात लाजण्यासारखं काहीच नाही.

देण्याची वेळ आली, तेव्हा काय झालं? पंधराएक वर्षांपूर्वी कोकणातून हापूसच्या कलमकाड्या आफ्रिकेत मलावीला गेल्या. तिथे शेकडो एकरांवर बागा झाल्या. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटा, म्हणून तिकडचा आंबा नोव्हेंबर-डिसेंबरात तयार होतो. २०१८पासून ‘मलावी हापूस’ वाशीच्या बाजारात येऊ लागला, आणि त्याच वर्षी कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकनही मिळालं. योगायोग असा, की दोन्ही बातम्या एकाच तक्क्याला टेकून वाचता याव्यात. बागायतदारांचा संताप साहजिक होता: आपलीच काडी, आपलाच बाजार, आणि आपल्यालाच स्पर्धा.

संताप खरा, पण त्याचा नेम चुकतो. काडी जाऊ द्यायची नव्हती, हे म्हणणं फोल आहे. काडी खिशात मावते. डचांनी जायफळाचा मक्ता टिकवायला काय केलं नाही? १६२१ साली बांदा बेटांवर कत्तल केली, उगवू नये म्हणून जायफळं चुन्यात बुडवून विकली. तरीही पियेर पुआव्र या फ्रेंच माणसाने १७७० साली रोपं मॉरिशसला पोचवली आणि पुढे इंग्रजांमार्फत जायफळ कॅरिबियनमधल्या ग्रेनेडापर्यंत गेलं. जायफळाभोवती भिंत बांधता आली नाही, ती हापूसभोवती कशी बांधणार? मानांकन नावाची राखण करतं, झाडाची नव्हे.

मग कोकणाने काय गमावलं? काडीबरोबर बांधायचा धागा. मलावीच्या त्या हजारो झाडांवर गेल्या पंधरा वर्षांत काय दिसलं? वेगळ्या मातीत साका किती होतो, मोहोर किती वेळा येतो, तुडतुडे येतात की नाही, पाऊस लांबला तर काय होतं? बदलत्या हवामानाशी झगडणाऱ्या दापोलीच्या बागायतदाराला हे सोन्याच्या मोलाचं. काडी देताना कुणीतरी एवढंच लिहून घ्यायला हवं होतं, की दर हंगामाची नोंद इकडे पाठवायची. ओएरासचं केंद्र अशाच देवघेवीवर चाललं. इथियोपियाने आपल्या सिदामो, हरार, यिरगाचेफेच्या नावांसाठी अमेरिकन कॉफी कंपनीशी भांडून २००७ साली करार पदरात पाडला, तो नावापुरताच होता. पण निदान टेबलाच्या त्या बाजूला खुर्ची तरी मिळाली. कोकणाने खुर्ची मागितलीच नाही.

उलट दिशेचं उदाहरणही घरातच आहे. पॅक्लोब्युट्राझॉल हे बाहेरून आलेलं औषध, ज्याला बागेत सगळे ‘कल्टार’ म्हणतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याचं माप बसवलं: झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला तीन मिलिलिटर, तेही जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. सशक्त झाडाला, खत देऊन, हे त्यात गृहीत. बाग खंडाने घेणाऱ्याला मात्र झाडाचं पुढचं आयुष्य बघायचं नसतं. त्याने माप घेतलं आणि गृहीतक सोडलं. दर वर्षी फळ आलं, आणि कित्येक झाडं वाळून गेली. नुसती कृती आयात केली की असं होतं.

महाराष्ट्राला दुसरा रस्ता ठाऊक नाही असं नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी १९६६मध्ये ‘प्रयोग परिवार’ सुरू केला. शेतकऱ्यांनी आपापल्या वेलीवर काय दिसलं ते पोस्टकार्डावर लिहायचं, एकमेकांना पाठवायचं, न पटलं तर भांडायचं. तासगावच्या द्राक्षवाल्यांनी यातून कॅलिफोर्नियातलं थॉमसन सीडलेस आपलंसं केलं. नुसतं आपलंसं केलं नाही, तर तासगावच्या एका बागेत वेगळी दिसणारी वेल ओळखून ‘तास-ए-गणेश’ हा नवा वाण काढला, तसाच सोलापूरकडे ‘सोनाका’. पानाचा देठ किती लांब, मणी किती लांबट, हे बघणारी नजर पोस्टकार्डांनी तयार केली. बोकेतेतला तो मळा आणि तासगावची ती बाग, या दोन्हींत मला तरी फरक दिसत नाही.

मुरुडला पैशाचा रस्ताही नवा नाही. कर्व्यांनी ‘मुरुड फंड’ काढला होता. गाव सोडून मुंबई-पुण्याला कमावणाऱ्यांनी मिळकतीतला वाटा गावाच्या कामासाठी द्यावा, अशी त्यामागची कल्पना. आज ज्यांच्या वाड्या इथे आहेत आणि मुलं परदेशात, अशी घरं दापोली तालुक्यात थोडी नाहीत. सुपारीच्या प्रत्येक गोणीमागे चार रुपये आणि बाहेरच्यांकडून वर्षाला थोडं, एवढ्यावर परदेशातल्या बागायतदारांशी अशीच देवघेव करायला लागणाऱ्या नोंदवह्या, दुभाषे आणि एखादा दौरा नक्की निघतो. सरकारी दौऱ्यावर इस्रायलला जाऊन ठिबक बघून येण्यापेक्षा हे वेगळं असावं. तिथे मोठी शेती आणि मोठी कंपनी दिसते. आपल्याला हवा तो आपल्यासारखाच दोन एकरांचा माणूस.

तो माणूस ग्रेनेडात आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं आणि मुरुड, हर्णै, आंजर्ले, केळशीच्या वाड्यांमधल्या पोफळी काडीसारख्या मोडल्या. वरची सावली गेल्यावर वाचलेली जायफळं उन्हात होरपळली. ग्रेनेडाच्या झेंड्यावर जायफळ आहे. २००४पर्यंत जगाच्या बाजारात इंडोनेशियाखालोखाल त्यांचा माल असे, आणि तो गोळा करणारी उत्पादकांची सहकारी संस्था १९४७पासूनची. ७ सप्टेंबर २००४ रोजी ‘आयव्हन’ वादळाने त्या बेटावरची बहुतेक जायफळं आडवी केली, आणि पुढच्याच वर्षी ‘एमिली’ने उरल्यासुरल्यांना गाठलं. म्हणजे मुरुडच्या आधी सोळा वर्षं, हेच संकट, हेच झाड. त्यांनी पडलेली झाडं उभी केली का, ती जगली का, नव्या रोपांना सावली कशाची दिली, किती जणांनी जायफळ सोडून केळी-कोको धरली, हे प्रश्न मुरुडमधून तिकडे कधी गेले नाहीत.

द्यायलाही मुरुडकडे आहे. बियापासून लावलेल्या जायफळात साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. सगळ्या जगातल्या जायफळवाल्यांचं हे दुखणं. दापोलीने कलमं करून ते सोडवलं, एकाच झाडावर नर-मादी फुलं धरणारा ‘कोकण संयुक्ता’ वाण काढला, आणि नर निघालेल्या झाडाचा शेंडा छाटून त्यावर मादीची काडी बांधायची रीतही इथल्या कलमवाल्यांच्या हातात आहे. त्यात एक बारकावा आहे. जायफळाच्या आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम आडवंच पसरतं, झुडूप होऊन बसतं. उभ्या फुटव्याची काडी घेतली तरच झाड सरळ वर जातं. उभे फुटवे एका झाडावर मोजकेच असतात, म्हणून कलमवाला पावसाच्या सुरुवातीला शेंड्याकडचा भाग थोडा छाटून ते मुद्दाम फुटू देतो आणि काडी पेन्सिलीएवढी झाल्यावर उतरवतो. कॉफीचंही नेमकं असंच आहे, आडव्या फांदीचं रोप कधी उभं राहत नाही, आणि हे चिकमगळूरचा मळेवाला एका वाक्यात सांगेल. ग्रेनेडाला पहिलं पत्र लिहायचं झालं, तर सुरुवात त्या काडीपासून करता येईल: कुठल्या फुटव्यावरची, किती जाड, आणि सकाळी उन्हं चढायच्या आत कापून ओल्या फडक्यात गुंडाळलेली.